भामरे सरांचा वेळू

एका माणसाबरोबर बारा-पंधरा वर्षं एकाच टेबलावर काम केलं की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गवतातून चालून आलं की पातळाच्या काठाला कुसळं चिकटून येतात ना, तसे ते आपोआप घरी येतात. मग निवांत बसून एकेक काढायचं. आता आम्ही रिटायर झालेली मंडळी कुणाच्या तरी ओट्यावर जमलो की चहा येण्याआधीच फर्माईश होते, "पाटीलबाई, भामरे सरांचं सांगा ना!" मी म्हणते, कितीदा सांगू? पण सांगते. न सांगून करते काय!

शिरपूरचं आमचं कॉलेज तेव्हा नवंच होतं. बॉटनी डिपार्टमेंट म्हणजे एक लांबट खोली, वर निम्मं कौल आणि निम्मा पत्रा. माणसं तीन. भामरे सर हेड, मी डेमॉन्स्ट्रेटर, आणि रघुभाऊ लॅब अटेंडंट. सर बुटके, कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी पिशवी. हसायचे नाहीत. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नाही. आणि गंमत अशी, की सगळ्या हसण्यासारख्या गोष्टी नेमक्या त्यांच्याच भोवती घडायच्या.

*

वेळूची सुरुवात जंगलात झाली नाही, लग्नात झाली.

आमचे एक ट्रस्टी होते, कापसाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण बोलायचे आमच्यासारखंच. त्यांच्या पुतणीचं लग्न दोंडाईच्याला होतं. सगळा स्टाफ गेला. आम्ही नवरी बघतोय, नवऱ्याचा फेटा बघतोय, आणि भामरे सर मान वर करून मांडव बघताहेत. एका खांबापाशी जाऊन त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग शेजारच्या खांबावर टकटक केलं, मग परत पहिल्यावर.

मांडववाल्याला बोलावलं. "हा बांबू कुठला?"

तो म्हणाला, "सातपुड्यातला, साहेब. वर चुनाभट्ट्या आहेत, तिथल्या चुनखडीच्या टेकडीवरचा. चुन्याचे ट्रक येताना दोन-चार टाकून आणतात. का हो, कमजोर आहे का?"

"कमजोर नाही. वेगळा आहे."

एवढं म्हणून सरांनी पिशवीतून चाकू काढला आणि खांबाची सुतळी सोडायला लागले! वरचा कपडा हलला, झुंबर हललं, बायका ओरडल्या. शेठजी धोतर सावरत धावत आले. रागावले नाहीत हो, तो माणूसच मोठा. दोन्ही हात जोडून म्हणाले, "सर, आधी फेरे होऊ द्या, मग सगळा मांडव घेऊन जा!"

सर थांबले. फेरे झाले, पंगती उठल्या, वरात गेली. सर त्या खांबाला टेकून बसून राहिले. मांडव उतरला तेव्हा खांब घेऊनच उठले.

*

पुढच्या आठवड्यात आम्ही टेकडीवर गेलो. चुन्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसून. उतरलो तेव्हा भट्टीतून काढल्यासारखे तिघंही पांढरे झालो होतो.

सातपुड्यातले वेळू कुणालाही माहीत आहेत. नदीनाल्याच्या काठी काटेरी कळक, डोंगरउतारावर भरीव मानवेल. झालं, तिसरा कुणी सांगत नाही. पण ही टेकडी वेगळी. सगळीकडे काळा दगड आणि मध्येच ही एकटी पांढरी, चुनखडीची. तिच्या भेगांमधून वेळूची बेटं वर आलेली. पेरं आखूड. प्रत्येक पेराच्या सांध्याखाली बांगडीसारखं जाड कडं. नव्या कोंबाला जी साल गुंडाळलेली असते, तिच्यावर मानवेलीला लव असते. इथे साल साफ गुळगुळीत. सरांनी ती हातात घेतली, उलटली, सुलटली, भिंग लावलं, आणि दगडावर बसकण मारली.

मी म्हटलं, "सर, ऊन लागलं का?"

म्हणाले, "नाही बाई. आयुष्यभर दुसऱ्यांनी नावं दिलेली झाडं पोरांना शिकवली. आपल्या हातून एका तरी झाडाला पहिल्यांदा नाव मिळावं, एवढं वाटत होतं. हे ते असेल."

एवढं बोलणं सरांच्या हिशेबानं भाषणच होतं. मला कसंतरीच झालं. इतका साधा माणूस, आणि मनात एवढी मोठी हौस!

पण सांगायचं होतं ते वेगळंच. परत येताना ट्रकवाल्यानं आम्हाला बाजारपेठेच्या तोंडाशी सोडलं. तिथून कॉलेजपर्यंत पायी. सर पुढे, हातात मडकं. मडक्यात ओली माती आणि वेळूचा कंद. मागे रघुभाऊ आणि एक हमाल, खांद्यावर दोन हिरवेगार लांब बांबू. त्यांच्या मागे मी, डोक्यावरून पदर घेतलेला, उन्हामुळे. तोंडं सगळ्यांची पांढरी आणि उतरलेली.

आता पुढे मडकं आणि मागे दोन हिरवे बांबू म्हटल्यावर गावानं काय समजावं? पेढीवरची माणसं उठून उभी राहिली. टोप्या उतरल्या. किराणावाल्यानं फळ्या लावायला घेतल्या. एक म्हातारे गृहस्थ सरांच्या बरोबरीनं चालत हळूच म्हणाले, "सर, कोण गेलं?"

सरांचं डोकं त्या गुळगुळीत सालीत. म्हणाले, "नाव अजून कळलं नाही."

"अरेरे! बेवारस दिसतंय."

तासाभरात कॉलेजच्या फाटकाशी चार माणसं गोवऱ्या घेऊन हजर!

*

तो कंद सरांनी लॅबमागे लावला. आमची काळी कापसाची माती त्याला मानवली नाही. सरांनी पुन्हा आणला, खड्ड्यात चुनखडीचे दगड घालून लावला, तरी गेला. त्या टेकडीशिवाय त्याला कुठे राहायचंच नव्हतं.

सरांनी पानं, कांडी, साली, सगळं वाळवून, कागदावर चिकटवून एका मोठ्या वनस्पतिसंग्रहालयात पाठवलं. तिथल्या तज्ज्ञांचा निरोप आला: वेगळा दिसतो खरा, पण फूल आणि फळ पाहिल्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही. दोन्ही पाठवा, तोवर तुम्ही द्याल त्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहील.

आता घ्या! वेळू जन्मात एकदा फुलतो. कुणी चाळीस वर्षांनी, कुणी साठ वर्षांनी. एकदा फुलला, बी धरलं, की अख्खं बेट वाळून मरतं, आणि एका टेकडीवरची सगळी बेटं बहुतेक एकदमच जातात. हा शेवटचा नेमका कोणत्या साली फुलला होता, हे सांगणारं कुणी नाही. म्हणजे उद्या फुलेल किंवा आमच्या नातवंडांच्या वेळी.

सर दर वर्षी टेकडीवर जायचे. परत आले की स्टाफरूममध्ये झूऑलॉजीचे सोनवणे सर ठरलेला प्रश्न विचारायचे, "काय भामरे, पाळणा हलतोय का?"

सर गंभीरपणे सांगायचे, "या वर्षी नाही."

दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हसणं. मला सोनवण्यांचा असा राग यायचा! एका वर्षी तर हद्द झाली. टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो, साठ वर्षं लागली तर तुम्ही कुठे असाल, भामरे?"

सर चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मी नसेन. म्हणून कागदावर फुलाची जागा मोकळी सोडली आहे. कुणीतरी चिकटवेल."

कुणी हसलं नाही. सोनवणे खिडकीबाहेर बघत बसले. पाळण्याचा प्रश्न त्या दिवशी बंद झाला तो कायमचा.

*

वेळूची बातमी शेठजींपर्यंत गेली. मांडवामुळे त्यांना वाटायचं, शोधात आपलाही वाटा आहे. होताच म्हणा. एक दिवस ते डिपार्टमेंटमध्येच आले, बरोबर पेढ्यांचा पुडा.

"सर, ऐकतो की नव्या झाडाला नाव तुम्ही देणार."

"ठरलं तर."

"मग आमच्या वडिलांचं द्या. कॉलेजला जमीन त्यांनीच दिली. जगभरच्या पुस्तकात नाव जाईल म्हणतात."

सर विचारात पडले. नाही म्हणणं त्यांना जड जायचं. आणि मागणी तशी वावगीही नव्हती, माणसांची नावं झाडांना देतातच. फक्त आपलं स्वतःचं द्यायचं नाही, हा रिवाज. सरांनी शेठजींना वेळूचा सगळा स्वभाव समजावून सांगितला. जन्मभर फूल नाही, फळ नाही, नुसता वाढतो. एकदा फुलतो, आणि फुलला की सगळा वंशच एका वर्षात वाळून उभा राहतो.

शेठजींचा चेहरा उतरत गेला. त्यांच्या मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता, हे गावाला माहीत होतं. सरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आलं तेव्हा वाक्य संपलेलं होतं.

शेठजी उठले. पेढे टेबलावरच ठेवले. दारात वळून म्हणाले, "सर, वडिलांचं नाव कॉलेजच्या त्या नव्या हॉललाच राहू द्या."

त्यानंतर कितीतरी दिवस सर अस्वस्थ होते. रघुभाऊंनी पुडा उघडून समोर धरला तर म्हणाले, "मला नको. मी आज एका भल्या माणसाला दुखवलं." रघुभाऊंनी तो पुडा पोरांना वाटून टाकला.

*

नव्या झाडाचं वर्णन तेव्हा लॅटिनमध्ये लिहावं लागायचं. नियमच तसा. इंग्रजीत कितीही लिहा, लॅटिनच्या चार ओळी नसल्या तर जगाच्या लेखी ते झाड जन्मलंच नाही! आणि खानदेशात लॅटिन कुणाला येतं? आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांना विचारलं तर म्हणाले, "संस्कृतात देतो लिहून, जास्त टिकेल."

शेवटी कळलं, नवापूरच्या बाजूला एका मिशनमध्ये वयस्क पाद्री आहेत, सेमिनरीत शिकलेले. एस.टी. बदलत बदलत आम्ही दोघं गेलो. पाद्रीबाबा दाढीवाले, पायात वहाणा, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मराठी आमच्यापेक्षा गोड. सरांचं म्हणणं त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण त्यांना पहिल्यांदा खरंच वाटेना.

"म्हणजे या वेळूची स्तुती लिहायची?"

"स्तुती नाही, फादर. वर्णन. जसा आहे तसा."

दुपारभर दोघं बसले. सर सांगत, "पेर आखूड, सांध्याखाली कडं." पाद्रीबाबा डोळे मिटून शब्द आठवत, मग लिहीत. देवळातल्या प्रार्थनांचं लॅटिन त्यांना सवयीचं, सांध्याचं आणि सालीचं नाही. लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं म्हणून दाखवलं तर ते इतकं घुमलं, की शेजारच्या खोलीतल्या सिस्टर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

मला हसू आवरेना. सरांनी मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर पाद्रीबाबा खूप संकोचानं म्हणाले, "सर, शेवटी आमेन लिहू का? नाहीतर अर्धवट वाटतं."

सर म्हणाले, "अर्धवटच आहे, फादर. फूल आलं की लिहू."

*

टेकडीच्या पायथ्याला पावरा लोकांची पाच-सात घरं होती. त्यातले एक म्हातारे, सगळे त्यांना आबाच म्हणत, दर वर्षी आमच्याबरोबर वर यायचे. घरात ते पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, येता-जाता आम्हाला ताक द्यायची.

पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. अंगणात पाच-सहा माणसं बसलेली. सर उत्साहात होते. म्हणाले, "आबा, या वेळूला फूल कधी येतं? मला फूल पाहिजे. मी वाटच बघतोय."

 अक्कानं ताकाचा तांब्या खाली ठेवला. एका पोरीला तिच्या आईनं आत ओढलं. मला वाटलं, काहीतरी भलतंच बोललो आपण.

आबा म्हणाले, "फूल नका मांगू, गुरुजी. वेळूले फूल उनं का मानसाले दाना भेटस नही."

म्हणजे वेळूला फूल आलं की माणसाला दाणा मिळत नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळी आलं होतं म्हणे, तेव्हा माणसं पानं उकडून खात होती.

सरांनी विज्ञान वगैरे सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. पण त्या दिवसापासून टेकडीवर त्यांनी फूल हा शब्द उच्चारला नाही. गेले की विचारायचे, "आबा, वेळू बरा आहे ना?" आबा म्हणायचे, "बरा शे." आणि सर रिकाम्या हातांनी खाली यायचे. परतीच्या ट्रकमध्ये मी एकदा विचारलं, "सर, वाईट वाटतं का?"

"कसलं वाटून घेऊ, बाई?" सर म्हणाले. "आलं तर त्यांचं वाईट, नाही आलं तर माझं. माझं बरं."

*

आणि मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल मी काय सांगू? विहिरी तळाला गेल्या. शिकलेली पोरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. रेशनला लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कॉलेजातली निम्मी बाकं रिकामी. अशात एक दिवस चुन्याच्या ट्रकचा ड्रायव्हर डिपार्टमेंटच्या दारात उभा राहिला. हातात वेळूची फांदी. पान एकही नाही, नुसते तुसांसारखे झुबके.

सरांनी फांदी घेतली आणि स्टुलावर बसले. इतक्या वर्षांनी फूल आलं, आणि तेही असं! त्यांना ना आनंद दाखवता येई, ना दुःख.

दुसऱ्याच दिवशी सर एकटे टेकडीवर गेले. सगळी बेटं फुलली होती. फुलांचे नमुने घेतले. बी धरायला अजून वेळ होता. निघताना त्यांनी आबांचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, "आबा, आता पिकलं की सगळे उचलणार, उचलायलाच पाहिजे. पण थोडं बी माझ्यासाठी ठेवा. विसरू नका. एवढं माझं काम करा."

आबा म्हणाले, "ठेवसू, गुरुजी."

मध्ये युनिव्हर्सिटीच्या परीक्षा आल्या. सरांना सुट्टी मिळेना. त्यांचा जीव टांगणीला! रोज कॅलेंडर बघायचे. कारण आता सगळं त्या बियांवर होतं. फूल हातात आलं होतं, फळ आलं की नावापुढचं प्रश्नचिन्ह जाणार. नाही आलं तर हा वेळू पुन्हा फुलेपर्यंत ते तसंच राहणार, आणि तेव्हा आमच्यापैकी कुणीही नसणार.

ऐन वैशाखात परीक्षा संपल्या आणि आम्ही दोघं निघालो. रघुभाऊ सूनबाईंच्या बाळंतपणामुळे आले नाहीत. टेकडी लांबूनच ओळखू येईना. सगळा वेळू वाळून पिवळा झालेला. वारा आला की हाडं वाजल्यासारखा वाजायचा. आम्ही येतोय हे घरातून दिसलं असावं, कारण आबा निम्म्या वाटेवर घ्यायला आले. किती वाळले होते! छातीच्या फासळ्या उघड्या. तरी तोंडभर हसले.

सरांनी राम राम म्हणायच्या आधी विचारलं, "आबा, बी?"

"ठेवेल शे," आबा म्हणाले. "तुम्हनासाठे ठेवेल शे. आम्ही हात नही लाया."

बाई गं! सरांचा चेहरा असा फुलला, की मी बघतच राहिले. आबांना घेऊन ते सरळ बेटांकडे निघाले. बेटांखालची जमीन बायकांनी शेणानं सारवून, झाडून घेतली होती. पडलेला एकेक दाणा टिपलेला. झुबके हलवून पाहिले तर नुसती फोलपटं. दुसरी वेळ असती तर मी घाबरले असते. पण घरात बी ठेवलेलं होतं, मग काळजी कसली? सर भराभर कांडी मोजत होते, वाळलेली मुळं बघत होते. आणि माझा विश्वास बसेना, ते चक्क गुणगुणत होते. तास-दीड तास आम्ही वर काढला.

खाली आलो. अक्कानं पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. आम्ही ओसरीवर बसलो. दाराआड आबांची दोन नातवंडं उभी होती, पोटं पुढे आलेली, आमच्याकडे टक लावून. सरांनी पिशवीतून जाड कागदाचं पाकीट काढलं. बियांसाठी त्यांनी ते स्वतः चिकटवून आणलं होतं. वर सुवाच्य अक्षरात टेकडीचं नाव, तारीख, सगळं लिहिलेलं. पाकिटाचं तोंड उघडून ते मांडीवर धरून बसले.

अक्का आतून आली. दोन पितळी ताटं. त्यात गरम भाकरी आणि लाल मिरचीची चटणी.

सर म्हणाले, "अक्का, जेवण राहू द्या. आधी ते बी बघू."

अक्का आबांकडे बघायला लागली. आबा सरांकडे. मग ताटाकडे हात करून म्हणाले, "हाईच ते, गुरुजी. तुम्ही येताना दिसनात तव्हय दळाले लिधं."

तुम्ही येताना दिसलात तेव्हा दळायला घेतलं!

मी ताडकन उठले आणि आत गेले. जातं पुसून ठेवलेलं. टोपली झटकून भिंतीला उभी केलेली. परातीत पीठ चिकटलेलं, तेवढंच. मी त्या टोपलीच्या विणीतून बोटं फिरवली, जात्याच्या खुंट्याभोवती पाहिलं, चुलीपाशी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपली. एक अख्खा दाणा नाही. अक्का माझ्या मागे उभी. तिला वाटलं, मला भाकरी कमी पडेल अशी भीती वाटतेय. म्हणाली, "आखो शे, बाई. एक आखो शे." आणखी एक आहे म्हणे!

मला रडू फुटलं. कुणावर रागावू? दुसऱ्या घरांतलं बी केव्हाच खाऊन संपलं होतं. या माणसांनी महिनाभर पानं उकडून खाल्ली, पोरांच्या तोंडचं राखलं, आणि ती टोपली तशीच ठेवली. भुकेच्या वर्षात माणूस दाणे ठेवा म्हणतो, ते आणखी कशासाठी म्हणणार?

बाहेर आले तेव्हा सर पाकिटाचं तोंड पुन्हा नीट दुमडत होते. दुमडून त्यांनी ते खिशात ठेवलं. उठून हात धुतले. ताटाला नमस्कार केला. मग दाराआडच्या दोन्ही पोरांना हाक मारली, आपल्या डाव्या-उजव्या बाजूला बसवलं, आणि भाकरी मोडली.

"अक्का," ते म्हणाले, "फार गोड झाली आहे."

अक्कानं तोंडाला पदर लावला. आबा म्हणाले, "आते माले बरं वाटनं. मना जीव लागेल व्हता, गुरुजी येतीन का नही."

 

जूनमध्ये वर्णन पक्कं करायला बसलो. मी टाइपरायटरवर, सर मागे हात बांधून येरझारा घालत सांगताहेत. कांड झालं. साल झाली. पान झालं. फुलाच्या भागाला चांगला एक दिवस लागला. मग फळ आलं. माझी बोटं थांबली.

"सर, इथे काय लिहू?"

"फळ पाहिलेलं नाही."

माझा मात्र तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "पाहिलेलं नाही कसं, सर? टोपलीत एवढं ठेवलेलं होतं! तुम्ही स्वतः... निदान एवढं तरी लिहा की दाणा खाण्याजोगा असतो, पीठ होतं, भाकरी होते, गोड लागते! प्रश्नचिन्ह राहणार आहे सर तुम्ही दिलेल्या नावापुढे, जन्मभर राहणार आहे!"

सर खिडकीपाशी थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"बाई," ते म्हणाले, "ते मी पाहुणा म्हणून खाल्लं. ते कागदावर कसं लिहू?"